गरजेपुरता आवाज

ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, त्या छत्रपती संभाजीनगरात कुणाला समुद्राच्या लाटांचे संगीत वाजवावेसे वाटावे, हेच मुळी नवल. या शहराचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. त्याच्या लाटा वाऱ्याबरोबर येतात आणि वाऱ्याबरोबरच विरतात. त्यांवर फळी घेऊन कोणी स्वार होत नाही. तरीही गुलमंडीच्या मागील गल्लीत ३८ वर्षे नट-बोल्ट, वॉशर आणि स्प्रिंगांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांना साठीच्या उंबरठ्यावर ही हौस जडली. आणि त्या हौसेपायी बाप-लेकांमध्ये तब्बल पंधरा दिवस अबोला राहिला.

गृहस्थांचे गिटारशी नाते जुने होते. महाविद्यालयात असताना त्यांनी हवाईयन गिटार शिकायला घेतली होती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवून वाजवायचे ते वाद्य त्या काळी मध्यमवर्गीय घरांत मानाचे समजले जाई. व्हॅन शिपली यांनी गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या गणेशोत्सवात मंडपामंडपांतून लागत आणि शब्दांवाचूनही गाणे पोहोचते, याचे त्या तरुणाला अपार कौतुक वाटे. पुढे १९८६ मध्ये वडिलांची प्रकृती ढासळली आणि बाविसाव्या वर्षी त्यांना गल्ल्यावर बसावे लागले. आदल्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला होता. त्याच्या आधाराने लहान-मोठे उद्योग उभे राहत होते आणि प्रत्येकाला कसली ना कसली स्प्रिंग हवी होती. मागणी वाढली, धंदा वाढला. गिटार मात्र एका नातलगाच्या घरी गेली ती कायमचीच.

तीन वर्षांपूर्वी पुतण्या नोकरीसाठी पुण्याला गेला आणि आपली इलेक्ट्रिक गिटार काकांच्या घरी ठेवून गेला. जाण्यापूर्वी त्याने एक धून ऐकवली होती. एकाच तारेवर अतिवेगाने चालणारा नखीचा आघात, आणि प्रत्येक स्वराभोवती ओलसर, थरथरता निनाद. काकांनी ती पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा ऐकताना ते म्हणाले, "अरे, हा तर भैरव आहे!"

त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. ‘मिसिर्लू’ नावाची ती धून पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरातली. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद ही तिची स्वरयोजना आपल्या भैरव थाटाशी तंतोतंत जुळते. डिक डेल या वादकाच्या वडिलांचे कूळ लेबनॉनचे. लहानपणी घरात ऐकलेली ही धून त्याने १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात विजेच्या गिटारवर वाजवली. तेथील तरुण दिवसा लाटांवर फळ्या घेऊन स्वार होत आणि संध्याकाळी याच्या वादनावर नाचत. अंगावर कोसळणारी लाट आणि तिच्या पोटातला गडगडाट तारेतून ऐकवावा, हा त्याचा ध्यास. त्याच सुमारास व्हेंचर्स, शँटेज अशा वादकसंघांच्या धुना गाजल्या आणि या शब्दविरहित संगीताला सर्फ संगीत हे नाव पडले. आपल्याकडे ‘गुमनाम’ या १९६५ च्या चित्रपटातील ‘जान पहचान हो’ हे गाणे ज्यांच्या कानांत आहे, त्यांना त्या काळच्या गिटारच्या उसळत्या नादाची कल्पना सहज येईल. गृहस्थांना आणखी एका योगायोगाची गंमत वाटली. लाटांवर स्वार होण्याचा खेळ जगभर पसरला तो हवाई बेटांवरून, आणि त्यांच्या तरुणपणीची गिटारही तिथलीच. ३८ वर्षांनी जणू जुनी ओळखच दारात येऊन उभी राहिली होती.

पण इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. अॅम्प्लिफायर हवाच. गृहस्थांनी आधी गल्लीतल्या मंडळाचा भोंग्याचा अॅम्प्लिफायर आणून पाहिला. आवाज मोठा झाला, पण बोथट, जणू रजईखालून आल्यासारखा. मंडळाच्या विजेच्या कामाचा जाणकार म्हणाला, "शेठजी, हा माइकसाठी बनलेला. गिटारच्या कॉइलचा आणि याचा मेळ बसत नाही. गिटारचा अॅम्प्लिफायर वेगळाच असतो. त्याचा स्पीकरसुद्धा वाद्याचाच भाग समजायचा." धंद्यातल्या माणसाला हे लगेच पटले. आटे जुळत नसतील तर नट कितीही चांगला असला तरी बोल्टवर बसत नाही.

साठावा वाढदिवस जवळ आला होता. धाकट्या पिढीचा व्यवहार आता मुलगाच पाहत असे. त्याने चौकशी केली आणि एका संध्याकाळी फोनवर चित्र दाखवले: फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब. ८५ वॅट, १२ इंची दोन स्पीकर, वॉल्व्हवर चालणारा, जवळपास ३० किलो वजनाचा. किंमत लाखाच्या वर. १९६३ पासून नावाजलेले यंत्र. "बाबूजी, सर्फसाठी याच्याहून चांगला नाही म्हणतात. उद्या मागवतो."

गृहस्थांनी चश्मा काढला, किंमत पुन्हा वाचली आणि म्हणाले, "नको बेटा. एवढ्याची गरज नाही."

"किमतीचं तुम्ही बघूच नका. मी देतोय."

"तू देतोस म्हणजे दुकानच देतंय ना? चाळीस हजारांच्या आत जे बसेल, ते मी बघून घेईन."

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग सावकाश म्हणाला, "साठ वर्षांत तुम्ही आमच्याकडून काही घेतलं आहे का, बाबूजी? शर्ट आणला तर म्हणता, आहेत की. आईनं घड्याळ घेतलं तर ते तसंच कपाटात पडलंय. देणाऱ्याचंही काही मन असतं." एवढे बोलून तो उठला. दुसऱ्या दिवसापासून दुकानात कामापुरते बोलणे सुरू झाले: माल आला, बिल गेले, जीएसटीचे पोर्टल चालत नाही. त्यापलीकडे काही नाही.

मुलाचे बोलणे वडिलांना लागले होते. पण नकारामागे केवळ काटकसर होती, असेही नाही. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारला होता, "स्प्रिंग कशासाठी हवी?" तारेचा गेज, बाहेरचा व्यास, वेटोळी किती, ताण किती, हे कळल्याशिवाय माल हातात द्यायचा नाही, हा वडिलांचा दंडक. मग स्वतःसाठी घेताना तो कसा मोडावा? त्यांनी जुनी चोपडी काढली, कोऱ्या पानावर तारीख घातली आणि लिहिले: ‘आवाज कशासाठी हवा?’

पहिली नोंद झाली ती स्वच्छ स्वराची. बहुतेक अॅम्प्लिफायर ताकदीच्या शेवटाकडे नेले की स्वर चिरफाळतो. अनेक संगीतप्रकारांत तीच खुमारी मानली जाते. सर्फमध्ये मात्र झपाट्याने पडणारा प्रत्येक आघात सुटा ऐकू यायला हवा. म्हणूनच डिक डेलच्या दणक्यात फेंडरचे एकामागून एक अॅम्प्लिफायर निकामी झाले आणि लिओ फेंडर यांना १५ इंची स्पीकरचा जबरदस्त ‘शोमन’ घडवावा लागला. गंमत म्हणजे लिओ फेंडर यांचे शिक्षण हिशेबनिसाचे, धंदा रेडिओ दुरुस्तीचा, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणाऱ्याचे नीट ऐकून घ्यायचे, हेच त्यांचे भांडवल. ही हकिगत वाचताना गृहस्थांच्या मनात त्या माणसाबद्दल व्यापारी बंधुभाव दाटून आला.

दुसरी नोंद ताकदीची. शोमन हजारो माणसांच्या नृत्यगृहासाठी होता. उस्मानपुऱ्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीसाठी नव्हे. शिवाय वॅटचे गणित वजनकाट्यासारखे सरळ नसते. ताकद दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा तर ताकद सुमारे दहापट लागते. म्हणजे २० वॅटच्या जागी ४० वॅट घेतल्याने दाम दुप्पट होईल, आवाज होणार नाही. त्याऐवजी स्पीकर मोठा असणे अधिक मोलाचे. ८ इंचीपेक्षा १२ इंची स्पीकरमधून खालच्या तारांचा खर्ज भरून येतो, आणि लाटेचा गडगडाट खर्जातच असतो.

तिसरी नोंद घराची. घरात ८४ वर्षांच्या आई होत्या. सारे त्यांना बाई म्हणत. सकाळ-संध्याकाळ त्यांची ४८ मिनिटांची सामायिक असे. आवाज त्यांच्या खोलीपर्यंत जाता कामा नये. आणि चौथी नोंद विजेची. न्यू जर्सीची भाची म्हणाली होती, "मामाजी, इकडे जुना स्वस्तात मिळतो, येताना आणते." पण तिकडचे यंत्र १२० व्होल्टचे, इकडे २३० व्होल्टचा पुरवठा. वेगळा ट्रान्सफॉर्मर जोडायचा, तो बिघडला की यंत्रच गेले. स्वस्ताईवर काट मारली गेली.

पाचव्या नोंदीशी मात्र लेखणी थांबली. तो ओलसर निनाद कशाने येतो?

उत्तर सापडले तेव्हा गृहस्थ स्वतःशीच हसले. तो निनाद स्प्रिंगचा होता. दगडी मंदिरात किंवा वेरूळच्या दहाव्या लेण्यात, त्या कमानदार छताखाली, एखादा स्वर लावला की आपण थांबल्यावरही तो भिंतींवरून परतत राहतो. घरातल्या खोलीत असे होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी लॉरेन्स हॅमंड यांनी आपल्या ऑर्गनमध्ये स्प्रिंगांचा उपयोग केला. पुढे १९६१ मध्ये फेंडरने तीच योजना गिटारसाठी वेगळ्या पेटीत बसवून विकायला आणली. वाद्याचा विद्युत्-संदेश एका कॉइलमधून स्प्रिंगच्या टोकाला थरथरवतो. ती थरथर वेटोळ्यांतून दुसऱ्या टोकाला पोहोचते, तिथून परतते, पुन्हा जाते, विरत विरत. दुसऱ्या टोकाची कॉइल ती टिपून स्पीकरकडे धाडते. वेगवेगळ्या मापांच्या दोन-तीन स्प्रिंगा एकत्र असल्या की निनाद दाट होतो. नखीने दाबलेल्या तारेवर आघात केला की थेंब टपकल्यासारखा जो नाद उमटतो, तो त्याच वेटोळ्यांचा.

३८ वर्षे स्प्रिंगा विकून, त्यांच्यात समुद्र दडलेला असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते.

त्या दिवशी शटर अर्धे ओढल्यावर त्यांनी तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, बुडाला भोक पाडले आणि मऊ ताणाची, हातभर लांबीची टेन्शन स्प्रिंग त्यात अडकवली. दुसरे टोक रॅकच्या खिळ्याला लावले. मुलगा हिशेब मिटवत होता. त्यांनी त्याला हाक मारली, डबा त्याच्या हाती देऊन कानाशी धरायला सांगितला आणि स्प्रिंगवर हलकीच टिचकी मारली.

मुलगा दचकला. डब्यात ढग गडगडल्यासारखा आवाज घुमला आणि कितीतरी वेळ विरत राहिला. त्याने स्वतःच दुसरी टिचकी मारली. मग डबा तोंडाशी धरून त्यात ‘ओ’ केले, लहान मूल विहिरीत डोकावून करते तसे. डब्यातून आलेले उत्तर ऐकून दोघेही हसले. पंधरा दिवसांतले ते पहिले हसू होते.

"हे हवंय मला," गृहस्थ म्हणाले. "दोन स्पीकर नकोत, ३० किलोचं ओझं नको. तू आणला असतास तर मी त्याच्याकडे बघून दबूनच गेलो असतो. वाजवलं नसतं."

मुलाने चोपडीतले पान वाचले. "हे आधी सांगायचं होतं ना, बाबूजी. मला वाटलं, मी आणलेलंच तुम्हाला नको असतं."

याला गृहस्थांपाशी उत्तर नव्हते. कारण त्यातही थोडे तथ्य होते. साऱ्यांना देत राहण्याची सवय लागलेल्या माणसाला घेणे अवघड जाते, आणि आपण नको म्हणतो तेव्हा समोरच्याचा हात रिकामाच परततो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

पुढच्या आठवड्यात नागदेवी स्ट्रीटवर मालाची खरेदी होती. एरवी गृहस्थ एकटेच जात. या वेळी मुलगाही बरोबर निघाला. दुपारपर्यंत स्प्रिंगांची नि वॉशरांची बोली आटोपून दोघे धोबी तलावाकडे वळले. फुर्तादोसची १८६५ पासूनची पेढी याच भागात नावारूपाला आली आणि वाद्यांच्या खरेदीसाठी पिढ्यानपिढ्या माणसे इथे येत राहिली. गृहस्थांनी पुतण्याची गिटार पाठीवर आणली होती. ज्या वाद्यावर रोज वाजवायचे त्याच्यावरच पारख करायची, हा त्यांचा आग्रह.

आधी फेंडरचा सर्वांत लहान फ्रंटमन १०जी लावला. १० वॅट, ६ इंची स्पीकर. सरावाला सुटसुटीत, पण त्यात निनादाची सोयच नाही. मग चॅम्पियन २०, ८ इंची स्पीकरचा. निनाद होता, स्वरही गोड, खर्ज मात्र थोडा उथळ. त्यानंतर विक्रेत्याने आपणहून वॉल्व्हचा ब्लूज ज्युनिअर लावला. १५ वॅट, १२ इंची स्पीकर, पोटात खरी स्प्रिंग. पहिला स्वर उमटला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आवाजात ऊब होती, यात शंकाच नव्हती. पण आवाज वाढवत नेला तसा स्वर हळूहळू चिरू लागला. ब्लूज वाजवणाऱ्याला तेच हवे असते. त्यांच्या चोपडीतली पहिली नोंद वेगळी होती, आणि किंमत मर्यादेच्या पार पलीकडे.

शेवटी बॉसचा कटाना ५० लावला. वॉल्व्ह नाहीत, पण १२ इंची स्पीकर, स्वच्छ स्वर आणि एक कळ: ५० वॅट, २५ वॅट आणि थेट अर्धा वॅट. अर्ध्या वॅटवर वाजवले तेव्हा आवाज दुकानाच्या कोपऱ्यापुरताच राहिला, पण स्वराचा पोत टिकला. "बाईंची सामायिक चालेल," मुलगा हळूच म्हणाला. त्यातली स्प्रिंगची नक्कल ठीक होती. पण गृहस्थांना जुन्या पेटीसारखी, स्प्रिंगला किती जोराने थरथरवायचे हे हाताने ठरवता येईल अशी सोय हवी होती. विक्रेत्याने टीसी इलेक्ट्रॉनिकचे ‘ड्रिप’ नावाचे लहानसे पेडल जोडले. त्यावर जुन्या पेटीसारखीच तीन बटणे: आघात, मिश्रण आणि स्वराचा उजळपणा. आत खरी स्प्रिंग नव्हती. तिचे वागणे गणिताने उतरवलेले होते. गृहस्थांनी तार दाबून नखीचा आघात केला. टप्. थेंब पडला. त्यांनी डोळे मिटून पुन्हा वाजवले. एवढ्या वर्षांच्या सवयीने त्यांना गणितातला आणि पोलादातला फरक जाणवला असेलही. पण घेतल्या मालात खोट काढत बसणाऱ्यांपैकी ते नव्हते.

दोन्हींची बेरीज मर्यादेत बसली. गृहस्थांनी खिशातून पाकीट काढले. मुलगा बाजूला उभा होता. काही बोलला नाही, पुढेही सरसावला नाही. गृहस्थांचा हात पाकिटाच्या बटणाशी थांबला. मग त्यांनी पाकीट परत खिशात ठेवले आणि म्हणाले, "दे बेटा. तूच दे."

बिल होईपर्यंत मुलगा काउंटरकडे तोंड करून उभा राहिला. वडिलांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा प्रयत्न केला नाही.

आता दुकान वाढवल्यावर, जेवणाआधीचा अर्धा तास गृहस्थ वाजवतात. बोटे अजून आखडलेली आहेत. डिक डेलच्या वेगाच्या पावपटही ते पोहोचलेले नाहीत, आणि पोहोचण्याची घाईही नाही. कळ अर्ध्या वॅटवर असते. महिन्यातून एखाद्या रविवारी, बाई मंदिरात गेलेल्या असताना, मुलगाच येऊन ती २५ वर सरकवतो आणि दार लावून घेतो.

एकदा सामायिक पूर्ण करून बाई दाराशी आल्या. गृहस्थ ‘मिसिर्लू’चा पहिला चरण संथपणे घोळवत होते. बाई चौकटीला टेकून थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"ही तर पहाटेची चाल आहे रे," त्या म्हणाल्या. "कुठल्या गावची?"

"समुद्रापलीकडची, बाई."

"हं," बाई म्हणाल्या. "थोडं मोठ्यानं कर. या वयात हळू ऐकू येत नाही."